कॉन्व्हेंट नावाचा सहवास

तिरोड्यात सकाळी सातच्या सुमारास रस्त्यावर उभे राहिले की एक हाक चहूकडून कानी येते : "आवर लवकर, कॉन्व्हेंटची ऑटो आली!" गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवलेली, अर्धवट झोपेतली, चार-पाच वर्षांची पोरे धानाच्या बांध्यांमधून दाटीवाटीने गावात येतात आणि कुणा देवाच्या, कुणा संताच्या, कुणा राजमातेच्या नावाच्या 'कॉन्व्हेंट'पाशी उतरतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. त्याच्या लेखी कॉन्व्हेंट म्हणजे उंच भिंती, क्रूस आणि झगे घातलेल्या जोगिणी. आमच्या विदर्भात मात्र इंग्रजी बाराखडी शिकवणारी कुठलीही बालशाळा म्हणजे कॉन्व्हेंट. मग ती पत्र्याच्या छपराखाली का भरेना, आणि तिथल्या बाईंनी जन्मात एखादी जोगीण पाहिलेली का नसेना. शब्द गावोगाव पोचला, वस्तू मात्र वाटेतच कुठे तरी उतरून गेली.

वास्तविक या शब्दाचा इंग्रजीशीही तसा संबंध नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'एकत्र येणे', 'जमलेली मंडळी' एवढाच. एकत्र राहणाऱ्या जोगिणींच्या मेळ्याला तो लागला, मेळ्यावरून त्यांच्या मठाला, मठावरून मठाच्या आवारातील शाळेला, आणि शेवटी तिरोड्याच्या ऑटोरिक्षाला. गंमत अशी की, आपल्या शाळांतून दरवर्षी जे 'गॅदरिंग' होते, ज्याला आपण भारदस्तपणे स्नेहसंमेलन म्हणतो, त्या शब्दाचाही अर्थ नेमका हाच. म्हणजे 'कॉन्व्हेंटचे गॅदरिंग' म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा म्हणत असतो. असो. शब्दाचे हे मूळ मला म्हातारपणी कळले. अर्थ मात्र मी फार लवकर, वयाच्या सहाव्या वर्षी पाहिला होता.

ती १९५४ सालची गोष्ट. आमचे वडील तिरोडा स्टेशनावर मालबाबू होते. धानाची पोती, तेंदूपत्त्याचे गठ्ठे, बिड्यांची पार्सले यांत त्यांचा दिवस जाई. रेल्वे सरकारी होऊन दहा वर्षे झाली होती, पण लोकांच्या तोंडी अजून 'बी.एन.आर.'च होती, आणि गाड्यांवर अँग्लो-इंडियन गार्डही पुष्कळ होते. त्यांपैकी एकाच्या मुली नागपुरास कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात होत्या. त्याने वडिलांच्या मनात भरवले की थोरल्या मुलीला तिथे घाला, फी थोडी माफ होईल, पासावर येणेजाणे होईल. ताई तेव्हा अकरा वर्षांची. आजीने दोन दिवस अन्न सोडले. "पोरीला बाटवतील," हे तिचे एकच वाक्य. वडिलांनी वाद घातला नाही. त्यांनी बाजारातून एक पत्र्याची पेटी आणली आणि रंगाऱ्याकडून तिच्यावर पांढऱ्या रंगात आकडा घालून घेतला : ७४. बोर्डिंगातून आलेल्या यादीत तसे लिहिले होते. चादरी, झगे, हातरुमाल, सगळ्यांवर आईने लाल दोऱ्याने ७४ काढला. मी त्या आकड्याला फार भ्यालो होतो. माणसाला आकडा कसा असतो, हे मला कळेना.

शाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे तिच्याविषयी एक कुरकूरही सांगायची आहे.

मुंडीकोटा सोडले की वैनगंगेचा पूल येतो. तिथे वडिलांनी ताईच्या हातून एक पैसा नदीत टाकवला. मग तुमसर रोड, भंडारा रोड, कन्हान, कामठी, आणि मग नागपूर. या गाडीच्या वाटेवरच्या कामठी या नावापाशी वाचकाला जरा उतरवले पाहिजे, कारण आमच्या बाजूच्या कॉन्व्हेंटांचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

कामठीची छावणी इंग्रजांनी १८२१ साली वसवली. नागपूरचे राज्य खालसा व्हायला, म्हणजे १८५३ साल उजाडायला, अजून बत्तीस वर्षे होती. छावणीत फौज होती ती मद्रास इलाख्याची. त्यामुळे तिथल्या कॅथलिक शिपायांची आत्मिक काळजी वाहण्याचे काम मुंबईकडे न जाता पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणच्या मिशनकडे गेले. हे मिशन १८४५-४६च्या सुमारास सवॉय प्रांतातील आनेसी गावच्या पाद्र्यांनी हाती घेतले होते. त्यांच्या मागोमाग, १८४९ साली, त्याच आनेसीहून संत जोसेफच्या भगिनींची पहिली तुकडी समुद्र ओलांडून यानमला उतरली. पुढे कामठी-नागपुरास संत जोसेफच्या नावाने ज्या मुलींच्या शाळा निघाल्या त्यांचा उगम या संघात आहे. १८८७ साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा तो विशाखापट्टणातूनच वेगळा काढण्यात आला. नागपूरचे कॅथलिक जग आंध्र किनाऱ्यावरून आले, हे आज नागपूरकरांनाही सहसा ठाऊक नसते.

पण या भगिनी मुळात कोण? इथे आणखी दोनशे वर्षे मागे जावे लागते.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅथलिक धर्मपीठाने जोगिणींवर कडक बंधन घातले. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवले की, जोगीण म्हटली की तिने मठाच्या भिंतीआड राहावे; बाहेर पाऊल घालू नये. झाले! आता मुलींना शिकवायचे कुणी? पुरुषांनी शिकवणे अप्रशस्त, आणि ज्या स्त्रिया शिकलेल्या होत्या त्या भिंतीआड. ही अडचण आपल्याला अनोळखी वाटू नये. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील मेरी वॉर्ड नावाच्या स्त्रीने १६०९ साली समुद्रापलीकडे सेंट-ओमेर येथे मुलींची शाळा काढली आणि भिंत, पडदा यांवाचून राहणारा स्त्रियांचा संघ उभारला. 'उंडारणाऱ्या पोरी' म्हणून लोकांनी त्यांची चेष्टा केली. १६३१ साली पोपने हा संघ मोडून टाकला आणि मेरी वॉर्डला म्यूनिक येथील मठात कैदेत ठेवण्यात आले. तिथून ती लिंबाच्या रसाने पत्रे लिही. कागद विस्तवावर धरला म्हणजे अक्षरे दिसत. तिचा संघ निरनिराळ्या नावांनी जगला, पण त्याची संस्थापिका म्हणून तिचे नाव घेण्याची मुभा मिळायला १९०९ साल उजाडले. बरोबर तीनशे वर्षे! आपल्याकडे सुधारकांची उपेक्षा होते म्हणून आपण हळहळतो. रोमने या बाबतीत आपल्यालाही मागे टाकले म्हणायचे.

मेरी वॉर्ड भिंतीवर धडकली. संत जोसेफच्या भगिनींनी दुसरी युक्ती केली. १६५० साली फ्रान्समधील ल-प्यूई या डोंगराळ गावी मेदाय नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या प्रेरणेने काही बायाबापड्या एकत्र आल्या. त्या पोरक्या मुलींना सांभाळीत, शिकवीत. ल-प्यूई हे लेस विणण्याचे गाव. मुलींना पोटाला आधार म्हणून त्या लेस विणायला शिकवीत. आणि पोशाख? त्यांनी जोगिणींचा वेश घेतलाच नाही. त्या भागातील विधवा जो काळा साधा पोशाख करीत तोच त्यांनी घेतला. कारण त्या देशात विधवेला रस्त्यातून एकटीने जाण्यायेण्याची मोकळीक होती. कुमारिकेला बापाचा धाक, सुवासिनीला नवऱ्याचा. विधवेला कुणी अडवीत नसे.

हे मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आमच्या घरात आजीची थोरली जाऊ होती. लाल आलवण, मस्तकावर पदर. माजघराच्या पलीकडे तिला मी कधी पाहिले नाही. एका देशात जो वेश घरातून बाहेर पडण्याचा परवाना ठरला, दुसऱ्या देशात त्याच अवस्थेचा वेश म्हणजे कोठडी. ज्यांनी मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा त्यांनी कायदे आणि आकडे जरूर द्यावेत. पण कोणत्या स्त्रीला कोणत्या वेशात रस्त्याने चालता येत होते, हेही पाहावे.

पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत हे संघ उधळले गेले, १७९४ साली काही भगिनी गिलोटिनवर गेल्या. फाँबोन नावाची त्यांची प्रमुख कैदेत होती. रोबेस्पियेर पडला म्हणून ती वाचली आणि १८०७ साली सेंत-एत्येन गावी तिने पुन्हा डाव मांडला. त्यातूनच पुढे शांबेरी, आनेसी इथल्या शाखा फुटल्या आणि त्यांतली एक आमच्या बाजूला आली. कामठीत तिला काय मिळाले? छावणीतील पोरक्या मुली. शिपायांच्या, बहुतेक आयरिश. पटकीने किंवा लढाईत बाप मेलेल्या. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आज कॉन्व्हेंट म्हटले की मोटारीतून उतरणाऱ्या मुली डोळ्यांपुढे येतात, पण हिंदुस्थानातील अशा पुष्कळ शाळांच्या पटावरची पहिली नावे अनाथ मुलींची आहेत. रेल्वे आली, गार्ड-ड्रायव्हरांच्या मुली आल्या, मग वकील-अधिकाऱ्यांच्या आल्या, मग फी वाढली. एका आवारात बहुधा दोन शाळा झाल्या : एक फीवाल्यांची, इंग्रजी, दुसरी गरिबांची, देशी भाषेतली. दोहोंच्या मध्ये कधी भिंत असे, कधी नुसते कुंपण.

आता आजीच्या त्या वाक्याकडे वळतो. आजी अडाणी होती, पण तिची भीती निराधार नव्हती. तिच्यामागे साठ वर्षांचा महाराष्ट्राचा इतिहास होता. सावित्रीबाई आणि जोतिरावांनी १८४८ साली पुण्यास भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती दिवसाची शाळा होती. मुलगी संध्याकाळी घरी परत येई. १८८४ साली हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल निघाले तेव्हाही वाद माजला तो काय शिकवावे याचा. पण मुलीने घराबाहेर राहून शिकणे ही निराळीच गोष्ट होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. आणि १८९३ साली, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात या गोष्टीवरून असा भडका उडाला की रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनाही अंग काढून घ्यावे लागले. त्याच वर्षी त्याच सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी अण्णासाहेब कर्व्यांनी लग्न केले, आणि १८९६ साली स्वतःचा आश्रम काढला. माझे मत असे की, कर्व्यांच्या हिंगण्याच्या मागे शारदासदनाचा धडा होता. मुलींना एकत्र ठेवल्यावाचून त्या शिकत नाहीत, हे त्यांनी रमाबाईंच्या यशातून ओळखले. आणि घरच्यांना धर्माची धास्ती वाटली तर संस्था टिकत नाही, हे त्यांच्या संकटातून.

म्हणून आजी अन्न सोडून बसली याचे मला आज हसू येत नाही. ताई कधी बाटली नाही. कॅथलिक मुली धर्मशिक्षणाला जात तेव्हा बाकीच्यांना 'मॉरल सायन्स' नावाचा तास असे, त्यात खोटे बोलू नये, नखे कापावीत वगैरे सांगत. नाताळच्या नाटकात ताई दोन वर्षे मेंढपाळ झाली आणि एकदा देवदूत. देवदूताचे पंख पेटीत घालून तिने तिरोड्याला आणले होते. आमच्या गल्लीत ते मी गरुडाचे म्हणून लावून फिरलो.

पहिल्या सुटीत ती आली तेव्हा आजीने तिला दाराबाहेर उभी करून अंगावर पाणी घातले, मग घरात घेतले. दुसऱ्या वर्षीही तसेच. तिसऱ्या वर्षी ताईने पेटीतून क्रोशाची लेस काढली. दर शनिवारी दुपारी तिथे विणकामाचा तास असे, बोलायची बंदी, फक्त सुया आणि पंख्याचा आवाज. ती लेस तिने आजीच्या देव्हाऱ्याच्या पडद्यासाठी विणली होती. आजी ती उलटसुलट करून बराच वेळ पाहत राहिली, कुठे टाका चुकला आहे का ते शोधीत. सापडला नाही. तिने ती स्वतःच्या हाताने पडद्याला शिवली. त्यानंतर पाणी घालणे बंद झाले.

ताईकडून त्या दिवसांचे जे ऐकले त्यात शिक्षणाचा भाग थोडाच. घंटा, रांग, पुन्हा घंटा. पहाटे पाचला थंड पाण्याचे नळ. साठ खाटांची निजायची खोली, मच्छरदाण्यांच्या रांगा. रविवारी घरी पत्र लिहायचे, ते सिस्टर वाचून पाहणार. म्हणून मुली 'माझी प्रकृती उत्तम आहे' एवढेच लिहीत आणि रडून घेत ते आदल्या रात्री. दिवाळीच्या सुटीनंतर प्रत्येकीच्या पेटीत फराळाचा डबा. तो सिस्टरच्या कपाटात जमा व्हायचा आणि रोज चहाच्या वेळी थोडा थोडा मिळायचा असा नियम. पण खरी मेजवानी होई ती रात्री दिवे मालवल्यावर. गोंदियाच्या गुजराती मुलीचे मोहनथाळ, जबलपूरच्या अँग्लो-इंडियन मुलीचा केक, आमच्या आईच्या अनारशांचा चुरा (अनारसे तिरोडा ते नागपूर कधीच धड पोचले नाहीत) हे सगळे एकाच मच्छरदाणीत, एकाच चादरीवर. शाकाहारी मुलींचे टेबल वेगळे होते, पण ते धर्माचे किंवा जातीचे नव्हते. ज्याला जे चालत नाही त्याचे होते.

त्या टेबलावर ताईच्या शेजारी नागपूरचीच एक मुलगी बसे. १९५६च्या दसऱ्याच्या सुटीत ती घरी गेली, आणि १४ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी नागपुरास लाखोंच्या समुदायाला धम्मदीक्षा दिली त्यात ती आईवडिलांबरोबर होती. परतल्यावर हजेरीपटावर तिच्या नावापुढील धर्माचा रकाना बदलायचा होता. सिस्टरने विचारले, तिने सांगितले, सिस्टरने लिहून घेतले, आणि पुढचे नाव पुकारले. रात्री मात्र मुलींनी तिला गराडा घातला : काय केले, कसे केले, किती लोक होते? तिने बावीस प्रतिज्ञांपैकी आठवल्या तेवढ्या म्हणून दाखवल्या. ताई म्हणते, "तोवर तिची जात मला ठाऊकच नव्हती, बौद्ध झाली तेव्हा कळले की ती कोण होती." त्याच दोन महिन्यांत आमचे तिरोडे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले; १ नोव्हेंबर १९५६. त्या बदलाचे आमच्या घरी बरेच बोलणे झाले. दुसऱ्या बदलाचे ताईने आजीला कधी सांगितले नाही.

आता ती कुरकूर. त्या शाळेत मराठी-हिंदी बोलायला बंदी होती. जी बोलताना सापडेल तिच्या हाती एक लाकडी ठोकळा द्यायचा. तिने तो पुढच्या अपराधिनीकडे द्यायचा. संध्याकाळच्या घंटेला ज्या मुलीकडे तो राहील तिला शिक्षा. ही चाल पुष्कळ ठिकाणी होती. तिच्यात एक क्रूरपणा आहे : शिक्षा चुकवायची तर मैत्रिणीचे बोलणे चोरून ऐकावे लागते. ताईची बोली तर झाडीपट्टीची, 'ण' नाहीच. नागपूरच्या मुली तिच्या मराठीलाच हसत. इंग्रजीत मात्र सगळ्या सारख्याच अडखळत, एवढे एक समाधान. पहिले दोन महिने तो ठोकळा बहुतेक संध्याकाळी ताईकडेच राहिला. मग मोठ्या वर्गातील मुलींनी एक वही केली. तीत पेट्यांचे आकडे लिहिले आणि पाळी लावली. दिवसभर कुणीही काही बोलो, संध्याकाळी ठोकळा पाळीच्या मुलीकडे जायचा. महिन्यातून एकदा शिक्षा प्रत्येकीला, एकीला दोनदा कधीच नाही. शिक्षिकांना हे वर्षभर कळले नाही; की कळून त्यांनी डोळेझाक केली, कोण जाणे! ताईने मॅट्रिकला जे काही पाठ केले त्यातले फार थोडे उरले आहे. ती वही तिला तोंडपाठ आहे.

मुलींचा हा सहवास जोगिणींच्या नियमांच्या आत उगवला, पण तो त्या नियमांचा नव्हता. याचे सर्वात मोठे उदाहरण आमच्याच रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिरोड्याच्या फलाटावरून पश्चिमेला गाडी नागपूरला जाते, पूर्वेला हावड्याला. मेरी वॉर्डच्या मोडलेल्या संघाचीच एक शाखा फ्रान्सिस टेरेसा बॉल या स्त्रीने १८२२ साली डब्लिनजवळ लोरेटो या नावाने सुरू केली, आणि १८४१ अखेर तिच्या जोगिणी कलकत्त्याला उतरल्या. तिथल्या एन्टाली भागातील त्यांच्या एका आवारात दोन शाळा होत्या : इंग्रजी लोरेटो आणि बंगाली माध्यमाची सेंट मेरीज. या दुसऱ्या शाळेत १९३१ पासून एक अल्बेनियन जोगीण शिकवू लागली. १९४४ साली ती तिची मुख्याध्यापिका झाली. तीच पुढची मदर टेरेसा. आवाराच्या भिंतीपलीकडे मोतीझील नावाची झोपडपट्टी होती. पण टेरेसाला तिथे जाता येत नसे, कारण भिंत मोडायला निघालेल्या मेरी वॉर्डच्या लेकी तीनशे वर्षांत स्वतःच भिंतीआड राहू लागल्या होत्या! जात असत त्या विद्यार्थिनी. मुलींचे एक मंडळ होते. त्या शनिवारी वस्तीत, इस्पितळात जाऊन येत आणि काय पाहिले ते टेरेसाला सांगत. पुढे १९४८ साली ती स्वतः बाहेर पडली हे सगळ्या जगाला माहीत आहे. तिच्या आधी तिच्या मुली त्या भिंतीबाहेर जाऊन आल्या होत्या हे तितके माहीत नाही. १९४९ मध्ये तिच्याबरोबर राहायला ज्या पहिल्या तरुणी आल्या, त्याही तिच्या विद्यार्थिनीच.

याच लोरेटोची एक शाळा सियालदहला आहे. आयर्लंडहून १९५६ साली हिंदुस्थानात आलेल्या सिस्टर सिरिल मूनी १९७९ साली तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. तोवर तिथे फी न देणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नसल्या तरी थोड्याच होत्या. सिरिलबाईंनी ते प्रमाण वाढवीत वाढवीत निम्म्यावर नेले. सुमारे चौदाशेंच्या शाळेत सातशेंच्या वर मुली फीविना, आणि वर्गात कुणाची फी कोण भरते ते कुणाला कळू नये अशी व्यवस्था. १९८५ पासून त्यांनी सियालदह स्टेशनाच्या आसपास रस्त्यावर राहणाऱ्या मुलींना शाळेत घेतले, त्यांचे नाव ठेवले 'रेनबो', इंद्रधनुष्य. या मुली वयाने मोठ्या, अक्षरओळख नाही. त्यांना वर्गात कसे बसवायचे? तर शाळेतल्याच मुलींनी त्यांना एकेकीने एकेकीला शिकवायचे, वेळापत्रकातल्या तासाला, अभ्यासाचा भाग म्हणून. रात्री त्यांनी शाळेच्याच इमारतीत निजायचे. चांगल्या घरच्या पालकांची यावर काय प्रतिक्रिया झाली असेल, वाचकाने कल्पना करावी. आमच्या आजीचाच प्रश्न, फक्त उलट्या बाजूने. पण शाळेचे निकाल उतरले नाहीत, आणि तक्रारी हळूहळू विरल्या. १९९४ साली साक्षरतेसाठीचा युनेस्कोचा नोमा पुरस्कार मिळाला, २००७ साली सरकारने सिरिलबाईंना पद्मश्री दिली. २०११ पर्यंत त्या तिथे होत्या. २०२३ साली वारल्या.

इकडे आपण २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा केला. पुढच्या एप्रिलपासून खाजगी शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात असे त्यात आहे. अल्पसंख्याकांच्या शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या कायद्यातून वगळले. घटनेच्या दृष्टीने ते बरोबर असेल. मी कायदेपंडित नाही. पण कामठीच्या पोरक्या मुलींपासून जिचा पट सुरू झाला त्या परंपरेतील शाळांनी 'आम्हांला कायदा लागू नाही' असे म्हणून फाटक लावून घ्यावे, हे मला पटत नाही. पंचवीस टक्क्यांचा कायदा यायच्या कितीतरी आधी सियालदहने पन्नास टक्के करून दाखवले होते. आणि फाटक लावणाऱ्यांत केवळ जोगिणींच्या शाळा आहेत असेही नाही. आमच्या तिरोड्यातल्या ऑटोरिक्षा पाहा. बापाची ऐपत पाहून एका गल्लीतली पोरे तीन वेगवेगळ्या 'कॉन्व्हेंट'मध्ये उतरतात आणि दुपारी एकमेकांना ओळखत नाहीत. एकत्र येणे या अर्थाच्या शब्दाची ही गत!

ताई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. नागपुरास मुलाकडे असते. दिवाळीला मात्र चार दिवस तिरोड्यास येते. ती पेटी अजून आमच्या माळ्यावर आहे, तीत पणत्या ठेवलेल्या असतात. दरवर्षी त्या काढायला मीच चढतो. आकडा निम्मा गेला आहे, सातावरचा रंग उडून नुसता चार उरला.

दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता तिच्या मैत्रिणींचे फोन येतात. पत्र लिहायची ती जुनी वेळ. पूर्वी सातजणी होत्या, मग पाच, मग तीन. नावे कुणी घेत नाही. मी पलीकडच्या खोलीतून ऐकतो : "चौऱ्याहत्तर बोलते. बासष्ट, तुझा गुडघा कसा आहे?" बासष्ट म्हणजे ती दीक्षेला गेलेली. एकोणचाळीस म्हणजे गार्डाची धाकटी मुलगी, ती पुढे पर्थला गेली. तिचा फोन तिकडच्या रात्री साडेआठला येई. इंग्रजीत सुरुवात करून ती हमखास मराठीत घसरे, आणि मग दोघी ठोकळा कुणाकडे यावरून भांडत.

गेल्या दिवाळीत रविवार होता. बासष्टचा फोन येऊन गेला. ताई पणतीची वात सारखी करीत बसून राहिली, फोन मांडीवर. आई जेवायला हाक मारायची तशी मी हाक मारली तर म्हणाली, "थांब जरा. एकोणचाळीसचा यायचा आहे." सात वाजून गेले. मग तिने स्वतःच उठून फोन भिंतीजवळच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "चल, वाढ. पुढच्या रविवारी पाहू."